दाखल्यावर ‘हिंदू’, रविवारी उपासनेला: याला ख्रिस्ताला नाकारणं म्हणायचं का?

कुंडलिकाकाठ (धागाकर्ता)

थेट मुद्द्यावर येतो. आम्ही जालना जिल्ह्यातले, मूळचे मांग, पाच पिढ्यांपासून ख्रिस्ती. माझ्या भाच्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र ‘हिंदू मांग’ आहे. त्याच्या आईच्याही आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत अशी घरं भरपूर. पूर्वी गुरुजीच लिहून टाकायचे, नाहीतर बाप सांगायचा. लेकराला स्कॉलरशिप मिळते, वसतिगृह मिळतं, तर नको कोण म्हणणार? चर्चच्या रजिस्टरात त्याच लेकराचं दुसरं नाव, बाप्तिस्म्याची तारीख, पाळकाची सही.

आता भाचा एका सरकारी पदासाठी निवडला गेलाय, अनुसूचित जातीच्या जागेवर. जात प्रमाणपत्र हातात आहे, पडताळणी बाकी. त्यासाठी शपथपत्र द्यावं लागतं, आणि समितीला शंका आली तर दक्षता पथक घरी येतं. पोरगं परवा म्हणालं, “मामा, मी सही करणार नाही. करायचीच झाली तर पुन्हा प्रभुभोजनाला बसणार नाही. दोन्ही जमायचं नाही मला.” तेव्हापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. दाजी म्हणतात, बाप्तिस्मा काय कपाळावर लिहिलाय का? बहीण म्हणते, रोजानं जाऊन शिकवलं ते यासाठी? पाळकसाहेबांना विचारलं तर ‘प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवील’. म्हणजे हात झटकले.

संडे स्कूलपासून आपण शद्रख, मेशख, अबेद्नगो ऐकत आलो. राजानं सोन्याचा पुतळा उभा केला, न वाकणाऱ्याला पेटत्या भट्टीत टाकायचं ठरवलं, वाद्यं वाजली, सगळे पालथे पडले, हे तिघं ताठ उभे. त्या गोष्टीत भट्टी समोर दिसते, एवढं तरी बरं. इथे सेतू केंद्रातला पोरगा माऊसवर हात ठेवून विचारतो, “धर्म काय टाकू?” मागून कोणीतरी म्हणतं, “उरका ना भाऊ, लाइट जाईल.” पडद्यावर यादी उघडलेली, पहिलंच नाव हिंदू. एक क्लिक. कोणी धमकी देत नाही, शिवी देत नाही. सत्ता इतकी गोडीनं विचारते तेव्हा नाही म्हणायला जास्त जीव लागतो, असं मला वाटायला लागलंय.

माझा कल भाच्याकडे आहे. पण मी खासगी कंपनीत. मला हा कागद कधी कोणी मागितला नाही, त्यामुळे माझा विश्वास फुकटात टिकलाय. म्हणून इथे विचारतोय. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. फक्त धर्मांतर बरं की वाईट याच्यावर धागा नेऊ नका.

टपरीवाला

सही करायला सांगा. कैसराचे ते कैसराला, देवाचे ते देवाला, हे प्रभूचंच वाक्य ना? दाखला कैसराचा, म्हणजे सरकारचा. त्यावर लिहिलेली जात कैसराची. मन देवाचं, ते त्याला देऊन झालंय. देव दाखला वाचत नाही. आणि एक सांगा, गावात आपल्याला ‘ख्रिस्ती’ म्हणून कोण हाक मारतं? हापशावर गेलं की मांगच ना? मग कागदावर मांग लिहिलं तर खोटं काय झालं?

वचनातून

‘मांग’ लिहिणं खोटं नाहीच. ‘हिंदू’ लिहिणं खोटं आहे, आणि तेही शपथेवर. मत्तय १०:३३ काढून वाचा: माणसांसमोर जो मला नाकारील, त्याला मीही पित्यासमोर नाकारीन. नाण्यावर कैसराचा मुखवटा होता म्हणून नाणं कैसराचं. माणूस कोणाच्या प्रतिरूपाचा? देवाच्या, हे बायबलात उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे.

आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याला ‘तू त्याच्याबरोबरचाच ना?’ असं विचारलं कोणी? राज्यपालानं नाही, महायाजकानं नाही. अंगणात एका दासीनं. तिच्या हातात त्याचं काहीही नव्हतं. तरी तो तिथेच घसरला. सेतूवाल्या पोराचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

गोदातीर

दुसरी बाजू मांडतो. २ राजे ५ मधला नामान. अरामाच्या राजाचा सेनापती, कोड गेल्यावर म्हणाला यापुढे परमेश्वरालाच मानीन. आणि लगेच सवलत मागितली: माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जाताना माझ्या हातावर टेकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढ्याची क्षमा व्हावी. संदेष्टा अलीशा त्याच्यावर ओरडला नाही. फार चांगली कल्पना आहे असंही म्हणाला नाही. ‘शांतीने जा’ म्हणाला. मला तर त्या अध्यायात हे दोन शब्द सगळ्यात जास्त आवडतात. उपदेशकांना ते आवडत नाहीत, म्हणून या अध्यायावरचं प्रवचन नेहमी कोड जाण्यापाशी संपतं!

योसेफ अरिमथाईकर पण बघा. यहूद्यांच्या भीतीनं लपून शिष्य होता. पण प्रभू क्रूसावर मेल्यावर रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन त्याचं शरीर मागितलं त्यानंच. छातीठोक शिष्य तेव्हा कुठे होते?

वचनातून

नामानानं संदेष्ट्यासमोर उभं राहून, नोकरांच्या देखत सांगितलं की मी असं असं वाकणार आहे. आपल्यात कोण पाळकासमोर सांगतं? सगळं गुपचूप. मंडळीला माहीत, पाळकाला माहीत, वडीलमंडळींना माहीत, आणि वेदीवरून तिघा तरुणांची भट्टी सांगायची. मला भाच्याच्या घरच्यांचा राग नाही. या नाटकाचा आहे.

कुंडलिकाकाठ

@वचनातून, हे मनापासून पटलं. आमच्या पंचांपैकी किती जणांचे दाखले ख्रिस्ती आहेत हे विचारायची सोय नाही.

जुना कारकून

मी ख्रिस्ती नाही, माळकरी आहे. जातीच्या दाखल्यांच्या फायलींत नोकरी गेली म्हणून कायद्याचं तेवढं लिहितो.

मूळ गाठ १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे, तिसऱ्या परिच्छेदात. तारीख १० ऑगस्ट. अनुसूचित जातीत धरायचं तर माणूस हिंदू पाहिजे. १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही, त्यामुळे नंदुरबारकडच्या ख्रिस्ती भिल्लाला ही अडचण येत नाही आणि जालन्याच्या ख्रिस्ती मांगाला येते.

मद्रासच्या सूसाई नावाच्या चर्मकाराचा खटला आम्हाला प्रशिक्षणात सांगितला होता. रस्त्याकडेला बसून चपला शिवायचा. सरकारनं बाकीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला नाही, कारण हा ख्रिस्ती. तीच आरी, तोच रस्ता. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सांगितलं की धर्म बदलल्यावरही जातीचा त्रास तेवढाच राहतो हे पुरेसं सिद्ध झालेलं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाईंचा निकाल आला. बाप्तिस्मा झालेला, चर्चला जाणं चालू, आणि नोकरीसाठी हिंदू म्हणून दाखला मागितला. नुसत्या आरक्षणासाठी हिंदू म्हणवणं हे राज्यघटनेशी कपट आहे, असं न्यायालय म्हणालं. २०२५ मध्ये आंध्रच्या उच्च न्यायालयानं एका पाळकाला ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही नाकारलं. याच कारणानं.

आपल्याकडे २००० चा जात पडताळणीचा कायदा आहे. खोट्या माहितीवर दाखला घेतला असं ठरलं तर नोकरी जातेच, वर सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा होऊ शकते. तेव्हा ‘एक क्लिक’ एवढं हलकं घेऊ नका. ‘देव दाखला वाचत नाही’ हे खरं असेल, समिती वाचते.

सरळ_प्रश्न

माफ करा, पण तांदळाच्या पोत्यासाठी धर्म सोडला, आता आरक्षणासाठी परत हिंदू. इंग्रजांच्या जोरावर वाढलेला धर्म, त्याला सत्तेच्या दबावाची तक्रार शोभत नाही.

कुंडलिकाकाठ

@सरळ_प्रश्न, नेऊ नका म्हटलं तिथेच नेलंत. एकदाच उत्तर देतो.

पोत्यासाठी गेलो असू तर हिशोब फारच कच्चा निघाला आमच्या पणजोबांचा. पोतं एकदा मिळालं असेल, सवलती पिढ्यानपिढ्या गेल्या. आमिष म्हणायचंच तर आज आमिष कोणत्या बाजूला आहे ते वरच्या जुन्या कारकुनांच्या प्रतिसादात बघा. ख्रिस्ती म्हटलं की जागा जाते, हिंदू म्हटलं की मिळते.

इंग्रजांचा जोर: नारायण शेषाद्रींचं नाव ऐकलं असेल. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तर इंग्रजांच्याच न्यायालयानं त्या पोराला बापाच्या ताब्यात दिलं. पुढे त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर कर्मठांनी बाळशास्त्रींनाच धारेवर धरलं. हेच शेषाद्री पुढे जालन्याला आले, मांग-महारांत काम केलं आणि जवळच बेथेल गाव वसवलं. ते निजामाच्या राज्यात, दिवाण सालारजंगांकडून मिळालेल्या जमिनीवर. जालन्याला इंग्रजांची छावणी होती हे मान्य, पण राज्य मुसलमान राजाचं होतं. म्हणजे सत्तेनं आम्हाला कधी दिलं, कधी हिसकावलं. दोन्ही वेळा बदल्यात काय मागते ते बघत राहावं लागतं.

ॲडमिन

मूळ विषयाला धरून लिहा. धर्मांतराच्या वादासाठी दुसरे धागे आहेत. इथून दोन प्रतिसाद काढले आहेत.

नागसेनवन

जय भीम. आम्ही यातून गेलोय म्हणून लिहितो. १९५६ ला दीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलती गेल्या. राज्यानं नंतर दिल्या, दिल्लीनं १९९० ला. मधल्या काळात प्रत्येक घरात हाच वाद होता. माझ्या आज्यानं शाळेत ‘बौद्ध’ लिहिलं. त्याच्या सख्ख्या भावानं ‘हिंदू महार’ लिहिलं आणि रेल्वेत लागला. दोघं १४ एप्रिलला एकाच ट्रॅक्टरवर असायचे. भाऊ आज्याला म्हणायचा, तुझा स्वाभिमान माझ्या पगारावर चालतो. आज्या म्हणायचा, तुझा पगार माझ्या तोंडाकडे बघायला लाजतो. मरेपर्यंत हे चाललं, आणि मरेपर्यंत एकमेकांना सोडलं नाही.

१९७८ ला नामांतराच्या दंगलीत वस्त्या पेटवणाऱ्यांनी कोणाचा दाखला तपासला नाही. @टपरीवाला यांचं हापशाचं म्हणणं त्यामुळे मला शंभर टक्के कळतं.

पण एक खटकतं. १९९० आम्हाला कोणी ताटात वाढलं नाही. मोर्चे, निवेदनं, खासदारांचे उंबरे झिजवले. तुमच्यात प्रत्येक जण एकटाच सेतू केंद्रात जाऊन एकटाच ठरवतो. मंडळी कुठे असते तेव्हा?

गोदातीर

@नागसेनवन, जय भीम. दिल्लीकडे लढा आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका आहे, २००७ च्या रंगनाथ मिश्रा आयोगानं धर्माची अट काढा म्हटलं होतं, २०२२ ला सरकारनं याच प्रश्नावर बालकृष्णन आयोग नेमला. १० ऑगस्टला काळा दिवस पाळतात. आमच्याकडे तो पत्रक वाचण्यापुरता. ज्यांनी पुढे यायचं त्यांचे दाखले ‘हिंदू’ असल्यावर बॅनर धरणार कोण? फोटो छापून आला तर?

नागसेनवन

हेच म्हणतोय. कायद्यानं तुमचं तोंड तुमच्याच हातानं बंद केलंय.

पोथी_पपायरस

धागा वाचून राहवेना, जरा लांबण लावतो. ‘दाखला’ हा प्रकार मंडळीला नवा नाही. अगदी हाच पेच इसवी सन २५० मध्ये आला होता.

सम्राट डेशियसनं फर्मान काढलं की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यावा आणि तसा दाखला घ्यावा. लॅटिनमध्ये त्याला लिबेलुस म्हणत. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडलेत, आणि मजकूर वाचला तर आपल्या तहसीलची आठवण येते. वर समितीचं नाव. मग अर्जदाराचं नाव, बापाचं नाव, गाव, कधी वय आणि अंगावरची खूण. मग ठरलेलं वाक्य: मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही फर्मानाप्रमाणे आपल्यासमोर बळी दिला, अर्पण ओतलं, प्रसाद चाखला, तरी तसा दाखला मिळावा. खाली साक्षीची सही.

ख्रिस्ती लोकांत तेव्हा तऱ्हा झाल्या. काही मेले, काही तुरुंगात गेले. पुष्कळांनी रांगेत उभं राहून बळी दिला. आणि एक गट असा, की ज्यांनी बळी दिला नाही, फक्त पैसे चारून दाखला मिळवला. या दाखलेवाल्यांना वेगळं नावच पडलं, लिबेलातिकी. त्यांचं म्हणणं टपरीवाल्यांसारखंच होतं: आम्ही हात जोडले नाहीत, नुसता कागद घेतला.

छळ ओसरल्यावर हे सगळे परत मंडळीच्या दाराशी. कार्थेजचा बिशप सिप्रियन स्वतः छळाच्या काळात लपून बसला होता, त्यावरून लोकांनी त्याला पळपुटा म्हटलं. २५१ मध्ये त्यानं आफ्रिकेतल्या बिशपांची सभा बोलावली. रोममध्ये नोवेशियन नावाचा पाळक म्हणत होता, एकदा नाकारलं ते नाकारलं, मंडळीला क्षमेचा अधिकार नाही. दुसरीकडून काही जण सरसकट माफी वाटत होते. सभेनं दोन्ही सोडलं. दाखला घेणं पाप आहे हे सांगितलं. पण दाखला घेणारा आणि बळी देणारा एका मापानं मोजला नाही. आणि प्रत्येकाची हकीकत वेगळी ऐकायची ठरवलं. कोण धावत गेला? कोणाला ओढत नेलं? बायकापोरं वाचावीत म्हणून घरातला एकच कोण पुढे झाला? पश्चात्तापाचा काळ गेल्यावर दाखलेवाल्यांना परत घेतलं. त्याच सिप्रियनचं पुढे २५८ मध्ये शीर उडवलं. तेव्हा तो पळाला नाही.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की पाप कोणतं आणि केवढं, हे मंडळीनं एकत्र बसून ठरवलं. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या एकट्याच्या उरावर ठेवलं नाही. तुमच्या पाळकसाहेबांनी ‘प्रार्थना करा’ म्हणून सोडून दिलं, ते सिप्रियनला सुचलं नसतं असं नाही. त्याला परवडलं नसतं.

टपरीवाला

लई भारी माहिती. पण फरक आहे साहेब. तिथे दुसऱ्या देवाला बळी दे म्हणायले होते. इथे कोण म्हणायलंय नारळ फोड?

अंबडची सून

@टपरीवाला दादा, नारळ फोडायला नाही म्हणत, पण काय काय करायला लावतात ते मी बघितलंय. माझ्या धाकट्या दिरांच्या पडताळणीला पथक येणार असा निरोप आला. सासऱ्यांनी आदल्या रात्री भिंतीवरचा क्रूस काढला, वचनाचं कॅलेंडर काढलं, बायबल पिठाच्या डब्यामागे. शेजारून गणपतीची तसबीर मागून आणली. क्रूस होता तिथे चुना पांढरा राहिला होता, तसबीर त्याच्यापेक्षा लहान, म्हणून चारी बाजूनं पट्टा दिसत होता. मग त्याच्यावर मी ओढणी टांगली. साहेब आले, चांगले होते बिचारे, चहा घेतला. सण कोणते करता, लग्न कोण लावतं, देव कोणता, मयत पुरता का जाळता. शेवटचं सासूबाईंना विचारलं. त्यांच्या सासऱ्यांची कबर चर्चमागेच आहे. त्या म्हणाल्या, आमच्यात पहिल्यापासून पुरतात साहेब. तेही खोटं नाही, पुष्कळ हिंदू मांगांतही पुरतात. साहेबांनी लिहून घेतलं.

दीर नोकरीला लागले. घर बांधलं. मी त्यांना काही म्हणत नाही, त्याच पगारात माझ्या मुलीचं ऑपरेशन झालं. पण सासूबाई त्यानंतर चर्चमध्ये विश्वासाची साक्ष द्यायला कधी उभ्या राहिल्या नाहीत. कोणी म्हणालं तरी नाही. आधी दर नाताळला त्यांचीच साक्ष पहिली असायची.

भाच्याला सांगा, सही केलीस तर आईला कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल ते आधी बघ. पथक आलं की पुरुष बाहेर कागद दाखवतात, देव्हारा बायकांना दाखवावा लागतो.

वचनातून

ताई, तुमच्या सासूबाईंना माझा सलाम सांगा. मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण त्यांच्यासमोर मला ते बोलता आलं नसतं.

गोदातीर

सिप्रियनचा मुद्दा धरून एक सुचवू का? भाच्यानं नाही म्हटलं तर त्याची किंमत मंडळीनं उचलावी. दशांश कुठे जातो? नवीन साउंड सिस्टिमला वर्गणी निघते. पुढच्या परीक्षेपर्यंत पोराच्या राहण्या-जेवणाची, क्लासची जबाबदारी घ्या. ते होणार नसेल तर वेदीवरून शद्रख-मेशख सांगणं बंद करा.

जुना कारकून

व्यवहाराचं सांगतो. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागास वर्गात धरतात. म्हणजे पोराचं आरक्षण अगदीच जात नाही, बदलतं. स्पर्धा वाढते, केंद्राच्या भरतीत वयाची सवलत कमी होते, नॉन-क्रीमी लेयर लागतं. हातातली जागा मात्र जाईल, त्यात वाद नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा बघतात. तिथे चर्चचं जुनं बाप्तिस्मा रजिस्टर कामाला येतं. आजोबांची नोंद शोधा, पाळकांकडून सही-शिक्क्यानिशी उतारा घ्या. शाळेच्या दाखल्यातली धर्माची नोंद बदलणं वेगळं प्रकरण आहे, त्याला वकील गाठा. मनानं कुठेही शपथपत्र करू नका.

कुंडलिकाकाठ

सगळ्यांचे आभार. काल बहीण, दाजी, भाचा, तिघांना बसवून हा धागा वाचून दाखवला. अंबडच्या ताईंचा प्रतिसाद आला तेव्हा बहीण उठून आत गेली. परत आली ती म्हणाली, मला कोणी काही विचारायला यायला नको. दाजी अजून फुरंगटलेले आहेत.

भाचा जागा सोडतोय. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना आणि पंचांना घेऊन बसलो. गोदातीर म्हणाले तसा पोराच्या वर्षभराच्या खर्चाचा विषय काढला. एक जण म्हणाले, मग उद्या सगळीच पोरं अशी उभी राहतील, किती जणांना पोसायचं? त्यावर कोणी बोललं नाही. सहा महिन्यांच्या खोलीभाड्याचं ठरलं, बाकी नंतर बघू. रजिस्टर सापडलं. १९५८ च्या पानावर भाच्याच्या आजोबांचं नाव आहे, पण त्या पानाला वाळवी लागलीय, आडनाव अर्धंच वाचता येतं.

जुना कारकून

त्या पानाला हात लावू नका, चिकटपट्टी तर मुळीच लावू नका. आधी फोटो काढा. आजोबांच्या भावंडांच्या नोंदी त्याच रजिस्टरात असतील, त्यांच्यावरून आडनाव जुळवता येतं.

टपरीवाला

पोरगं खरं निघालं, मानलं. पण दादा, त्याच्या धाकट्या बहिणीचं काय? भावानं ख्रिस्ती म्हणून कागद केले की तिच्या ‘हिंदू मांग’ दाखल्याला पण प्रश्न येईल ना? तिची तर बारावी झाली म्हणाला होता मागच्या धाग्यात. स्कॉलरशिपचा फॉर्म?

कुंडलिकाकाठ

मंगळवारी भरायचाय. तिला अजून कोणी विचारलेलं नाही.

अंबडची सून

मंगळवारच्या आधी विचारा.